खारे पाणी, राबती आई आणि मुलांचा रक्तदाब

(अमरावती येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



रक्तदाबासारखा विषय राजकीय अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. कापसाच्या भावाचा, शेतमजुरांच्या मजुरीचा प्रश्न समोर उभा असताना दवाखान्यातला विषय येथे आणण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन असे, की हा विषय दवाखान्यात फार उशिरा पोहोचतो. चाळिशीत ज्याचा रक्तदाब वाढलेला आढळतो, त्याच्या शरीरात त्या वाढीची तयारी पुष्कळदा जन्माच्याही आधीपासून चाललेली असते. ही तयारी आईला मिळालेल्या भाकरीने, तिने उपसलेल्या कष्टांनी आणि घरातल्या माठातल्या पाण्याने होत असते. भाकरी, कष्ट आणि पाणी हे तिन्ही विषय अर्थशास्त्राचे आहेत, आणि म्हणून राजकारणाचेही आहेत.

रक्तदाब हा खाऊनपिऊन सुखी माणसाचा, गादीवर बसणाऱ्याचा रोग, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ चालत आली. या समजुतीला मोठा धक्का दिला तो इंग्लंडमधील डेव्हिड बार्कर या संशोधकाने. १९८६ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्याने इंग्लंड-वेल्समधील निरनिराळ्या भागांचे दोन नकाशे शेजारी ठेवले. एक १९२१ ते १९२५ या काळातील बालमृत्यूंचा, दुसरा सुमारे पन्नास वर्षांनंतरच्या हृदयविकाराच्या मृत्यूंचा. दोन्ही नकाशे बव्हंशी एकमेकांशी जुळले. ज्या दरिद्री भागांत पूर्वी तान्ही मुले अधिक मरत होती, त्याच भागांत तेव्हा जगलेली माणसे पुढे हृदयविकाराने अधिक मरत होती. दारिद्र्याने ज्यांना पाळण्यात सोडले, त्यांना त्याने पन्नाशीत गाठले, असा याचा अर्थ.

हा केवळ विलायतेचा अनुभव नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. त्या रुग्णालयात जन्मलेल्या ४७७ मुलांची ती आठ वर्षांची झाल्यावर त्यांनी तपासणी केली; तिचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. सध्याचे वजन सारखे धरले, तर जन्मतः ज्याचे वजन कमी होते त्या मुलाचा वरचा रक्तदाब आठव्या वर्षीच अधिक होता. जन्मतः लहान आणि पुढे अंगाने स्थूल झालेल्या मुलांत मधुमेहाकडे नेणारी लक्षणे सर्वांत ठळक होती. म्हणजे गर्भात उपासमार आणि नंतर बाजारातल्या स्वस्त, खारट-तेलकट पुड्यांची रेलचेल, हा क्रम शरीराला फार महाग पडतो. आज पाच-दहा रुपयांचा वेफर्सचा पुडा ज्या खेड्यात मिळत नाही असे खेडे वऱ्हाडात शोधावे लागेल. पालेभाजी व दूध मात्र त्याच खेड्यात अनेकांना परवडत नाही.

असे का घडते, याचे एक कारण मूत्रपिंडात आहे. शरीरातील मीठ आणि पाणी यांचा हिशेब मूत्रपिंड ठेवते. त्यात रक्त गाळणारे सूक्ष्म घटक असतात. एका मूत्रपिंडात ते सरासरीने दहा लाखांच्या आसपास, परंतु माणसामाणसांत फार कमीअधिक असतात. हे सारे घटक गर्भाच्या सुमारे छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तयार होतात; त्यानंतर नवा घटक निर्माण होत नाही. गर्भाची वाढ खुंटली किंवा मूल फार अगोदर जन्मले, तर ही संख्या कमी राहते. थोड्या मजुरांवर मोठ्या शेताचे काम पडावे तसा मग प्रत्येक घटकावर अधिक भार येतो आणि रक्तदाब चढू लागतो, असा सिद्धान्त ब्रेनर या शास्त्रज्ञाने १९८८ साली मांडला. २००३ साली जर्मनीत अपघातात मृत्यू पावलेल्या वीस व्यक्तींची मूत्रपिंडे तपासली गेली. त्यांतील दहा जणांना उच्च रक्तदाब होता. त्यांच्या मूत्रपिंडातील घटकांची संख्या इतर दहा जणांच्या तुलनेत निम्मीच भरली. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हे असे भांडवल आहे, की ज्याची गुंतवणूक नऊ महिन्यांत एकदाच होते आणि ज्यातून आयुष्यभर फक्त उचल होत राहते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. एकेका मुलापुरता हा फरक मोठा नसतो. जन्माच्या वजनात एका किलोचा फरक असेल, तर पुढे रक्तदाबात साधारण दोन मिलिमीटरांचा फरक दिसतो. एवढ्याने कोणी आजारी पडत नाही. परंतु जेफ्री रोझ या इंग्रज वैद्यकाने १९८५ साली दाखवून दिल्याप्रमाणे, आजारी व्यक्तीचा विचार वेगळा आणि आजारी समाजाचा विचार वेगळा. साऱ्या लोकसंख्येची सरासरी दोन-तीन मिलिमीटरांनी सरकली, तर पक्षाघात व हृदयविकार यांना बळी पडणाऱ्यांची संख्या हजारोंनी बदलते. डॉक्टरला जो फरक क्षुल्लक वाटेल, तो शासनाला क्षुल्लक वाटता कामा नये.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. उत्तरेला सातपुड्यात धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटातील दोन तालुके. सातपुड्याच्या पायथ्याशी दक्षिणेला पूर्णेचे खोरे. मेळघाटातील प्रश्न देशाला ठाऊक आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा आरंभीच्या प्रकल्पांत धारणीचा समावेश होता. तरी १९९३ च्या सुमारास याच भागातील बालमृत्यूंनी महाराष्ट्राला मान खाली घालावयास लावली. डॉ. रवींद्र व स्मिता कोल्हे, डॉ. आशिष सातव यांच्यासारख्यांनी तेथे आयुष्य वेचले. मेळघाटाची चर्चा आपण नेहमी मृत्यूच्या आकड्यांनी करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु जे मूल दोन किलोचे जन्मले आणि जगले, त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न आपण विचारत नाही. मृत्यू टळला की शासनाच्या दप्तरात प्रकरण मिटते. मुलाच्या शरीरात ते मिटत नाही.

दुसरा प्रदेश खारपाणपट्ट्याचा. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर आणि पुढे बुलडाणा जिल्ह्यापर्यंत पसरलेल्या पूर्णेच्या गाळाखाली जे भूजल आहे ते खारे आहे. ते पिकाला चालत नाही, तोंडात धरवत नाही, आणि नळ आला नाही त्या दिवशी कित्येक घरांत तेच प्यावे लागते. या पट्ट्यात खारे पाणी आणि मूत्रपिंडाचे विकार यांचा उल्लेख वर्षानुवर्षे एका दमात होत आला आहे. पण खाऱ्या पाण्यातले सोडियम दुसरेही काम करते: ते रक्तदाब वाढविते.

त्याचा दाखला जगाच्या तीन कोपऱ्यांतून घेता येईल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९७० च्या दशकात दोन गावांतील शाळकरी मुलांची तुलना झाली. एका गावच्या पिण्याच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १०८ मिलिग्रॅम सोडियम होते, दुसऱ्याच्या पाण्यात अवघे ८. जास्त सोडियमच्या गावातील मुलांचा रक्तदाब तीन ते पाच मिलिमीटरांनी अधिक निघाला. हॉलंडमध्ये १९८० च्या सुमारास ४७६ नवजात बालकांचे दोन गट करून एका गटाला पहिले सहा महिने कमी सोडियमचा आहार देण्यात आला. सहा महिन्यांच्या अखेरीस त्या गटाचा वरचा रक्तदाब दोन मिलिमीटरांनी कमी होता. आणि पंधरा वर्षांनी त्यांतील १६७ मुले पुन्हा तपासली, तेव्हाही तो साडेतीन मिलिमीटरांनी कमीच होता. पहिल्या सहा महिन्यांची खूण पंधरा वर्षे टिकली! तिसरा दाखला बांगलादेशाच्या किनाऱ्यावरील खुलना जिल्ह्याचा. समुद्राचे खारेपण तेथे पिण्याच्या पाण्यात शिरले आहे. त्या पाण्यावर जगणाऱ्या गरोदर स्त्रियांत उच्च रक्तदाबाचे प्रमाण अधिक आढळले, आणि पाणी अधिक खारे होण्याच्या कोरड्या ऋतूत ते पावसाळ्यापेक्षा अधिक दिसले. गरोदरपणात आईचा रक्तदाब वाढला की मूल लहान किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याचा धोका वाढतो, आणि अशा मुलांचा स्वतःचा रक्तदाबही पुढे इतरांहून थोडा अधिक राहतो. आईच्या पिढीतले खारे पाणी असे मुलाच्या पिढीत उतरते.

साथींनो, या साखळीत निसर्गाने एक तोडगा ठेवला आहे. आईच्या दुधात सोडियम फार थोडे असते. गाईच्या दुधात ते त्याच्या तिपटीच्या आसपास भरते. आई काय खाते-पिते यावरून तिच्या दुधातील मीठ फारसे बदलत नाही. म्हणजे आईला खारे पाणी प्यावे लागले, तरी पहिले सहा महिने केवळ अंगावर पिणारे मूल त्यापासून बव्हंशी सुरक्षित राहते. त्याला वरचे पाणी पाजले, किंवा त्या पाण्यात भुकटीचे दूध कालविले, की ते संरक्षण संपते. म्हणून खारपाणपट्ट्यात सहा महिने निव्वळ स्तनपान आणि वर्षाच्या आत मुलाच्या पेजेत मीठ न घालणे, या दोन गोष्टींचे मोल इतर कोठल्याही प्रदेशापेक्षा अधिक आहे.

पण हे सांगून आपण थांबलो, तर आपल्यात आणि भिंतीवरच्या सरकारी फलकात अंतर ते काय राहिले? कपाशी वेचायला जाणाऱ्या बाईने सहा महिने मुलाला अंगावर पाजावे, हे म्हणणे सोपे आहे. तिचा दिवस बुडाला तर तो कोणी भरून द्यायचा? १९९३ ते १९९६ या काळात पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत जो मोठा अभ्यास सुरू झाला, त्यातील मातांचे गरोदर होण्यापूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते आणि त्यांची मुले सरासरीने २.७ किलोची जन्मली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची मुले साडेतीन किलोची. त्याच अभ्यासात असे आढळले, की गरोदरपणात ज्या स्त्रियांना शेतातले व घरातले अधिक अवजड काम करावे लागले, त्यांची मुले आणखी लहान होती, आणि ज्यांना हिरव्या भाज्या, फळे व दूध अधिक वेळा मिळाले त्यांची मोठी. कष्ट आणि अन्न यांचा हा ताळेबंद मुलाच्या अंगावर लिहिला जातो.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतीच्या रजेचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला आणि गिरणीतील बाईची विश्रांती हा राष्ट्राच्या हिताचा प्रश्न मानला. १९२९ साली तो कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील नोकरदार स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. शेतात राबणाऱ्या स्त्रीच्या पदरात काय पडले? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. पुढे २०१७ च्या मातृवंदना योजनेने पहिल्या अपत्यासाठी पाच हजार, तेही हप्त्याहप्त्याने. एकीला सहा महिन्यांचा पगार, दुसरीला काही दिवसांच्या मजुरीएवढी रक्कम. दोघींच्या मुलांची मूत्रपिंडे मात्र एकाच वेळापत्रकाने घडत असतात.

या शास्त्राचा गैरवापरही होऊ शकतो, त्याबद्दल सावध राहिले पाहिजे. सारे आईच्या पोटातच ठरते असे म्हणून कोणी दोष आईच्या पदरी टाकील, तर कोणी नशिबाचा लेख म्हणून हात झटकील. दोन्ही म्हणणी चुकीची. आईने कमी खाल्ले कारण घरात कमी होते. तिने खारे पाणी भरले कारण गोड्या पाण्याची वाहिनी तिच्या वस्तीपर्यंत आली नाही. जे मजुरीने आणि पाणीवाटपाने घडते, ते मजुरीने आणि पाणीवाटपाने बदलताही येते.

वान धरणाच्या पाण्याचे उदाहरण घ्या. बाळापूरकडील ६९ खेड्यांना ते पाणी पिण्यासाठी देण्याच्या योजनेला शासनाने स्थगिती दिली, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये खाऱ्या पाण्याचा टँकर बरोबर घेऊन अकोल्याहून नागपूरच्या दिशेने पदयात्रा निघाली. दुसऱ्या बाजूला तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्यांना आपले सिंचन जाण्याची भीती होती, आणि तीही खोटी नव्हती. तहानलेला आणि कोरडवाहू शेतकरी यांना समोरासमोर उभे करणारे हे नियोजन कोणाच्या सोयीचे, हा प्रश्न आपण दोघांनाही बरोबर घेऊन विचारला पाहिजे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिली मागणी मोजमापाची. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या राष्ट्रीय मानकात एकूण क्षारांना मर्यादा आहे: लिटरमागे ५०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर २०००. सोडियमला स्वतंत्र मर्यादा नाही. खारपाणपट्ट्यातील प्रत्येक विहिरीचे व बोअरचे सोडियम मोजून तो आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. शाळा-अंगणवाड्यांच्या आरोग्य तपासणीत तीन वर्षांवरील प्रत्येक मुलाचा रक्तदाब, मुलाच्या दंडाला बसेल अशा लहान पट्ट्याने, मोजला जावा. दुसरी मागणी, गोड्या पाण्याचा पहिला वाटा गरोदर स्त्रियांचा आणि अंगणवाडीचा. तिसरी, आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेने गरोदर व स्तनदा मातांना जे एक वेळचे गरम जेवण मिळू लागले, ते खारपाणपट्ट्यातील मजूर मातांनाही मिळावे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची: गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे सहा महिने किमान वेतनाच्या दराने मजुरी.

कामाचा हक्क कायद्याने मान्य करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. दगड फोडणे हे काम, बांध घालणे हे काम. तर मग पुढच्या पिढीचे शरीर घडविणे हेही काम आहे, आणि त्याची मजुरी मागणे ही भीक नव्हे. ही मागणी घेऊन येत्या ग्रामसभांना जा. सोबत आपल्या गावच्या पाण्याची एक बाटली न्या आणि तिच्यात सोडियम किती, एवढाच प्रश्न प्रथम विचारा.