कामाच्या जागी स्त्रीचे आरोग्य

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बरुआसागर येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी इतका कटू विषय का निवडला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. झाशीचे नाव निघाले की आपणा मराठी माणसांचे मन राणी लक्ष्मीबाईंच्या स्मृतीने भरून येते. आपल्या मुलींना आपण त्यांच्या शौर्याच्या गोष्टी सांगतो. परंतु त्यांतलीच एखादी मुलगी नोकरीवरून कोमेजल्या चेहऱ्याने घरी परतते, तेव्हा ‘बोभाटा नको, गप्प राहा’ असा उपदेशही आपणच तिला करतो. या गप्प राहण्याची किंमत तिच्या शरीराला कशी मोजावी लागते, हे मला आज सांगावयाचे आहे.

उत्तर कानडा जिल्ह्यातील हळदीपूरची अरुणा रामचंद्र शानबाग ही मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका होती. वय पंचवीस, एका डॉक्टरशी विवाह ठरलेला. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी काम संपवून रुग्णालयाच्या तळघरात ती कपडे बदलावयास गेली असता तेथीलच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला आणि तिच्यावर अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रक्ताच्या थारोळ्यात बेशुद्ध सापडली. मेंदूचा प्राणवायू तुटला होता. तिची दृष्टी गेली, वाचा गेली. पुढची सुमारे एकेचाळीस वर्षे ती त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून राहिली. १८ मे २०१५ रोजी न्युमोनियाने तिचे निधन झाले.

बंधुभगिनींनो, या कथेतील दुसरी जखम पहिलीहून कमी नाही. तिची अब्रू झाकावी या हेतूने लैंगिक अत्याचाराची गोष्ट फिर्यादीत येऊ दिली गेली नाही. गुन्हेगारास चोरी आणि खुनाचा प्रयत्न एवढ्याकरिताच सात वर्षांची शिक्षा झाली. त्या काळी बलात्काराची कायद्यातील व्याख्याही इतकी संकुचित होती की तिच्यावर झालेला अत्याचार तीत बसलाच नसता. ती व्याख्या रुंदावण्यास २०१३ साल उजाडावे लागले. ज्या अब्रूसाठी मौन पाळले, त्या मौनाचा लाभ तिला झाला नाही. तो गुन्हेगारास झाला.

तिची खरी बाजू घेतली ती तिच्या सहकारी परिचारिकांनी. घटनेनंतर त्यांनी संप केला. अरुणेसाठी आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठीही. पुढे तिला रुग्णालयातून हलविण्याचे बेत झाले, तेव्हा त्यांनी ते मोडून काढले. तिच्या दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकही शय्याव्रण उठले नाही, याची त्या वेळी आवर्जून नोंद झाली. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, परंतु सेवेत खंड पडला नाही. या सेवेपुढे आपण नतमस्तक होऊ. तथापि एक प्रश्न उरतोच. कपडे बदलण्यास एक सुरक्षित, उजेडाची खोली असती, तर या सेवेची वेळ आली असती काय?

सर्वच जखमा अशा डोळ्यांना दिसत नाहीत. वरिष्ठाची लोचट नजर, हेतुपुरस्सर केलेला स्पर्श, बढतीच्या मोबदल्यात केलेली मागणी यांनी हाड मोडत नाही. परंतु झोप उडते, छाती धडधडते, डोके व पोट दुखत राहते, कामावर जाण्याच्या विचारानेच घाम फुटतो. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे चाळीस ते साठ वर्षे वयाच्या ३०४ स्त्रियांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. कामाच्या जागी असा छळ सोसलेल्या स्त्रियांत उच्च रक्तदाब व निद्रानाश यांचे प्रमाण अधिक आढळले. प्रत्यक्ष अत्याचार सोसलेल्यांत नैराश्य व चिंताविकार अधिक आढळले. म्हणजे आपण ज्याला ‘मनाचे खेळ’ म्हणून हसतो, ते रक्तदाबाच्या यंत्रावर उमटते. अशी स्त्री बहुधा नोकरी सोडते, आणि मग औषधाचा पैसाही जातो.

राजस्थानात बालविवाह रोखणाऱ्या भंवरीदेवी या ग्रामसेविकेवर १९९२ साली सामूहिक अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती हवी. जेथे त्याहून कमी आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तेथे जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. या गावच्या आल्याच्या आणि भाजीच्या मंडईत पाट्या वाहणारी, शेतात राबणारी, आपल्या घरी धुणेभांडी करणारी, या सर्वजणींना ते दार उघडे आहे. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत करावी लागते. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. बलात्कारपीडित स्त्रीवर सरकारी वा खासगी कोणत्याही रुग्णालयाने तत्काळ विनामूल्य उपचार करणे बंधनकारक आहे. यात विलंब घातक होय. एच.आय.व्ही.चा संसर्ग टाळण्याचे औषध ७२ तासांच्या आत, जितके लवकर तितके चांगले, सुरू व्हावे लागते. घरात खलबते करण्यात ते तास निघून जातात.

कायदा झाला म्हणून चिंता सरली, असे मात्र नाही. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात प्रदीर्घ पाळीनंतर सभाकक्षात विसावलेल्या एका तरुण डॉक्टर स्त्रीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. मुंबईचे तळघर आणि कोलकात्याचा सभाकक्ष यांत पन्नासांहून अधिक वर्षांचे अंतर आहे. परंतु कामावरच्या स्त्रीला निर्धास्तपणे टेकावयास जागा नसणे दोन्हीकडे तेच.

म्हणून आपल्या मंडळापुढे मी तीन लहानशा सूचना ठेवते. आपल्यापैकी जे शाळा, दवाखाना, दुकान वा कचेरी चालवितात, त्यांनी तेथे समिती खरोखर आहे काय, आणि स्त्रियांसाठी कडीची खोली व रात्री उजेड आहे काय, हे उद्याच पाहावे. जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता मंडळाच्या फलकावर हिंदी व मराठीत लावावा. आणि घरातील मुलगी, सून वा कामवाली काही सांगू लागली, तर ‘तू तेथे गेलीसच कशाला’ हा प्रश्न गिळून, ‘सांग, मी ऐकते आहे’ एवढेच म्हणावे. तिच्या उपचाराचा आरंभ तेथूनच होतो.