शब्दांमागचें बळ

मम्मटानें ‘काव्यप्रकाशां’त उपदेशाच्या तीन रीती मानल्या आहेत : स्वामीची आज्ञा, मित्राचा सल्ला आणि प्रियेचें आर्जव. ॲरिस्टॉटलनें मन वळविण्याचीं तीन साधनें सांगितलीं : वक्त्याचें शील, श्रोत्यांची भावना आणि विचारांतील युक्ति. ग्रंथांतील हीं साधनें कृष्णाकांठच्या सभांतून प्रत्यक्ष दिसलीं.

नाना पाटील १९०० सालीं जन्मले; त्यांचें गांव येडे मच्छिंद्र. हें गांव तेव्हां सातारा जिल्ह्यांत होतें. आज तें सांगली जिल्ह्यांत आहे. १९३० सालीं त्यांनीं तलाठ्याच्या नोकरीवर पाणी सोडलें. ज्या दप्तरापुढें गांव वांकतें, तें दप्तर टाकून आलेला माणूस बोलूं लागला, म्हणजे त्याचें शील शब्दांआधींच बोललेलें असतें. भाषाहि शेतकऱ्याची, रांगडी. तिनें भावनेची वाट मोकळी केली. गांधी-पद्धतीच्या साध्या विवाहाचा त्यांनीं पुरस्कार केला. तेथें युक्ति सरळ हिशेबाची होती : एका दिवसाचा थाट आणि वर्षानुवर्षांचें कर्ज. १९४३ ते १९४६ या काळांतील प्रतिसरकारला खेड्यांनीं आसरा दिला, तो केवळ टाळ्यांच्या भाषणांनीं मिळाला नसता.

परंतु हींच हत्यारें लबाडाच्याहि हातीं चालतात. डोळे पाणावले, म्हणजे विचारावें : या अश्रूंचा लाभ कोणाला? हिशेब पटला, म्हणजे पाहावें : कोणता आंकडा वगळला? आणि सर्वांत आधीं : बोलणाऱ्यानें स्वतः काय सोडलें? नभोवाणीवर तर वक्त्याचा चेहराहि दिसत नाहीं. म्हणून तेथें श्रोत्याचे कान अधिक जागे हवेत.