स्मृतीचें दिवाळें

मिरचीसाठीं प्रसिद्ध असलेल्या धर्माबादच्या पेठेंतील एखादा अडत्या श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावा. वखारींत जागा शंभर पोत्यांची. पण सारा माल एकाच दिवशीं येत नाहीं, या भरंवशावर तो दीडशें पोत्यांचा शब्द देऊन बसतो. यंत्रावरील सर्व आज्ञावल्यांना जागा वांटून देणाऱ्या संगणकाच्या कार्यप्रणालीची रीत अशीच आहे. १९९१ सालीं जन्मलेल्या लिनक्समध्यें स्मृति मागितली, कीं बहुधा होकार तत्काळ मिळतो. प्रत्यक्ष जागा मात्र वापर सुरू झाल्यावरच दिली जाते.

जागा सरत आली, म्हणजे क्वचित् लागणारा मजकूर तबकडीवर हलविला जातो. तेंही पुरेनासें झालें, कीं सर्वांचें काम खोळंबूं नये म्हणून एका आज्ञावलीचा बळी पडतो. बहुधा सर्वांत अधिक स्मृति व्यापणारीचा. चालकानें जिला उणे १००० हा अंक दिला असेल, तिला मात्र अभय असतें. बळी जाणारीस आवरासावर करण्यास क्षणही मिळत नाहीं.

अडत्याच्या मुनिमानें दिवसभराची आवक यंत्रावर मांडली, पण साठविली नाहीं, तर शेतकऱ्यांचा हिशेबही तिच्याबरोबर जातो. दिलेला शब्द यंत्र केव्हांही मोडील, हें जाणून हिशेब घडोघडीं साठवीत जाणें, हाच शहाणपणा होय.