रिपोर्टवरचे बाण



 अध्यक्षीय भाषणासाठी संयोजकांनी मला ‘पीसीओएसमधील संप्रेरके आणि रक्तचाचण्या : सद्यस्थिती’ असा विषय दिला आहे. पीसीओएस म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम; त्याची सद्यस्थिती आधी उरकते. १९३५ साली शिकागोत स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांची हकिगत छापली. २००३ मध्ये रॉटरडॅमला निकष ठरले. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक आणि सोनोग्राफीत दिसणाऱ्या पॉलिसिस्टिक ओव्हरीज यांपैकी दोन गोष्टी हव्यात, आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन, अॅड्रिनलचे आजार वगळलेले हवेत. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने प्रौढ स्त्रीत सोनोग्राफीऐवजी एएमएच या संप्रेरकाची रक्तचाचणी चालेल असं म्हटलं. झाली सद्यस्थिती.

आता जे बोलायला इतकी वर्षं थांबले, ते बोलते. गावोगावच्या लॅबबाहेर ‘पीसीओडी प्रोफाइल, सवलतीच्या दरात’ असे फलक लागले आहेत; पीसीओडी हे पीसीओएसचंच रूढ नाव. ते उतरवा.

या प्रोफाइलमध्ये एलएच आणि एफएसएच या दोन संप्रेरकांचं गुणोत्तर असतंच. दोनाच्या वर गेलं की आपण लॅबवाले ते ठळक छापतो. रॉटरडॅमच्या निकषांत ते कुठेही नाही. एलएच रक्तात झटक्याझटक्याने येतं, तासाभरात आकडा हलतो. वजन जास्त असलेल्या मुलींत तर ते अनेकदा वाढलेलं नसतंच. तरी छापतो, कारण फॉर्मवर रकाना आहे! टेस्टोस्टेरॉनची गत त्याहून वाईट. बाईच्या रक्तात ते इतकं थोडं असतं की आपल्या नेहमीच्या यंत्रांचा त्या पातळीला भरवसा नाही. मास स्पेक्ट्रोमेट्री हवी, ती तालुक्याला कुठून आणायची? मग निदान एसएचबीजी, म्हणजे टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन, तरी मोजा. इन्शुलिन वाढलं की यकृत एसएचबीजी कमी बनवतं. एकूण टेस्टोस्टेरॉन ठीक दिसतं आणि फ्री टेस्टोस्टेरॉन चढलेलं असतं. पॅकेजमध्ये एसएचबीजी क्वचितच सापडेल. गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, हे रक्त घेणारा मुलगा विचारत नाही. त्या गोळ्या बंद करून तीन महिने गेल्याशिवाय या आकड्यांना अर्थ नाही.

एक मुलगी माझ्याकडे आली होती. टेस्टोस्टेरॉन भरमसाट, थायरॉइडसाठीचं टीएसएच जवळजवळ शून्य, आणि अंगावर दोन्हीचं एकही लक्षण नाही. विचारलं, केसांसाठी काही घेतेस का? पर्समधून बायोटिनची बाटली निघाली. काही यंत्रांच्या चाचणीत बायोटिन घुसतं आणि एक आकडा वर, दुसरा खाली ढकलतं. गोळ्या थांबवल्या, पुन्हा रक्त घेतलं, दोन्ही ठीक. केस गळतात म्हणून जी मुलगी ही तपासणी करून घेते तीच बायोटिन घेत असते, हे निदान आपल्याला तरी सुचायला हवं.

सकाळच्या सत्रात किशोरींचं एएमएच करावं की नाही यावर आपण तासभर भांडलात. मी सांगते. पंढरपूरकडचे एक शेतकरी सोळा वर्षांच्या लेकीला घेऊन आले. पाळी सुरू होऊन दोन वर्षं झालेली. दुसऱ्या लॅबच्या कागदावर एएमएचभोवती लाल गोल. मी चष्मा लावायच्या आत त्यांनी विचारलं, “म्याडम, लगीन जमंल न्हवं?” पोरगी शेजारीच उभी. त्या वयात एएमएच मुळातच जास्त असतं. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत एएमएच किंवा सोनोग्राफीवरून निदान करू नये, असं मार्गदर्शिकाच सांगते. बापाला काय सांगणार? माझ्यापुरता वाद तिथेच मिटला.

राहिलं उपाशीपोटीचं इन्शुलिन. ते मोजून रुग्णाच्या उपचारात काही बदलत नाही. उलट जी चाचणी मार्गदर्शिका जाडी असो-नसो, प्रत्येकीसाठी सुचवते, ती आपण टाळतो : ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर. का टाळतो? खुर्ची अडते, बाई कंटाळते आणि नफा नाही. माझ्याकडे एक शिक्षिका येत, अंगाने काटकुळ्या. उपाशीपोटीची साखर ठीक, एचबीए१सी ठीक; दोन तासांची १६८. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी ‘थिन-फॅट इंडियन’, म्हणजे दिसायला बारीक पण आत चरबी असलेलं भारतीय शरीर, जगाला दाखवलं. ते आपल्याच दारातून रोज आत येतं, आणि आपण त्याच्याकडून गुणोत्तराचे पैसे घेतो.

या वर्षी सर्व लॅबसाठी एकच साधा फॉर्म करावा असं मनात आहे. त्यात पाळीचा दिवस, चालू औषधं, कमरेचा घेर आणि रक्तदाब हे रकाने असावेत. कोणी करायचा, ते कार्यकारिणी पाहील. मुलींसाठी वेगळी नॉर्मल रेंजही हवी. त्यावर पुढे केव्हातरी बोलू.

स्त्रीरोगतज्ज्ञांना एकच विनंती. चिठ्ठीवर ‘पीसीओडी प्रोफाइल’ लिहू नका. कोणती चाचणी, कशासाठी, ते लिहा. पॅथॉलॉजिस्टनी मोघम चिठ्ठी आली तर फोन उचलून विचारावं. डॉक्टर रागावतील, रागावू द्या.