सल्ला देणारा एकटा पडला, की शेतकरीही एकटा पडतो

(पेण-रोह्याची शेती पाहण्यासाठी कापूस आणि ज्वारीच्या पट्ट्यातून आलेल्या शेतकऱ्यांच्या बैठकीत, रोहा येथे केलेले भाषण. जिल्हा बैठकांमध्ये वाचून दाखवावे.)



काल तुम्ही पेणच्या खारेपाटात बांधावरून चाललात. आज किल्ला-रोह्याचे कृषी विज्ञान केंद्र पाहिलेत. येताना गाडीत दोघातिघांनी विचारले, की इथे कापूस नाही, ज्वारी नाही, पाऊस ३,००० मिलिमीटरच्या घरात; आपल्याकडे ७००-८०० पडला तरी आपण बरे साल म्हणतो. मग आपण इथे बघायचे काय?

दोन गोष्टी बघायच्या. पहिली, भात कापल्यावर त्याच रानात उभा राहणारा वाल. त्याला पाणी देत नाहीत. जमिनीत जी ओल उरली तिच्यावर तो येतो. आपली रब्बी ज्वारी, आपली मालदांडी, तशीच येते. म्हणजे पाऊस चौपट पडला तरी दसरा-दिवाळीनंतर इथला शेतकरीही आपल्यासारखाच कोरडवाहू. ओल कशी धरायची हा प्रश्न त्याचाही आहे.

दुसरी गोष्ट, खारेपाटातला बांध. भरतीचे पाणी बाहेर ठेवायला मातीचा बांध आणि पावसाचे पाणी सोडायला उघाडी. एका जागी खांड गेली, की ज्याच्या शेतापुढे बांध फुटला त्याच्या एकट्याच्याच नाही, सगळ्या शिवारात खारे पाणी शिरते. अशा जमिनीतून मीठ निघून जायला पुढे किती पावसाळे लागतात ते इथल्या शेतकऱ्याला विचारा. एकट्याच्या जिवावर हा बांध राहत नाही, म्हणून पूर्वी गाव मिळून तो राखीत असे. १९४८ साली खार जमिनींचा कायदा झाला, १९७९ साली दुसरा झाला, काम सरकारी खात्याकडे गेले. बांध सरकारचा झाला आणि कुणाचाच राहिला नाही, हे गाऱ्हाणे तुम्ही काल ऐकलेच.

शेतीचे ज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोचवणारी जी माणसे आहेत, त्यांचेही असेच आहे. ती एकमेकांना धरून असली तर आपल्या शिवाराला आधार. ती सुटी सुटी पडली, तर खांड कुठेही पडो, नुकसान आपले.

ही माणसे कोण?

महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठे आहेत. राहुरीचे १९६८ चे, अकोल्याचे १९६९ चे, परभणी आणि दापोलीची १९७२ ची. प्रत्येकाची कामे तीन: शिकवणे, संशोधन करणे आणि संशोधन शेतावर नेणे. या तिसऱ्या कामाला विस्तार शिक्षण म्हणतात. मी कृषी पदवीधर आहे, आम्हाला हा परीक्षेचा विषय होता. देशातले पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पाँडिचेरीला निघाले. आज जिल्ह्याजिल्ह्यात केंद्र आहे. एका केंद्रात प्रमुख धरून सहा-सात तज्ज्ञांच्या जागा, आणि समोर अख्खा जिल्हा. त्यातल्याही जागा रिकाम्या राहतात.

आता विचार करा. विस्ताराचा माणूस नोकरीला लागतो, अनोळखी तालुक्यात जातो. त्याच्या विषयाचा दुसरा माणूस शेजारच्या जिल्ह्यात. त्याने शिकलेले पुस्तक दहा वर्षांपूर्वीचे. कीड येते ती पुस्तकात नसलेली. विचारायचे कुणाला? यासाठी जगभर या लोकांनी आपापले संघ बांधले. अमेरिकेत १९१४ साली स्मिथ-लिव्हर कायद्याने विद्यापीठांचे विस्तारकार्य सुरू झाले आणि दुसऱ्याच वर्षी, १९१५ मध्ये, तिथल्या जिल्हा कृषी सल्लागारांनी आपली संघटना केली. आपल्या देशात १९६४ साली इंडियन सोसायटी ऑफ एक्स्टेन्शन एज्युकेशन स्थापन झाली. पुढच्या वर्षापासून तिचे नियतकालिक निघू लागले. महाराष्ट्रातही विस्तार शिक्षणवाल्यांची सोसायटी आहे आणि तिचे नियतकालिक १९८२ पासूनचे आहे. परिसंवाद होतात, निबंध वाचले जातात, दापोलीचा माणूस अकोल्याच्या माणसाला भेटतो.

तुम्ही म्हणाल, नोकरदारांच्या संघाशी आपला काय संबंध? संबंध सांगतो.

जो जोडलेला, त्याचेच ऐकू येते

राष्ट्रीय नमुना पाहणी संघटनेने २००३ साली देशभरच्या शेतकरी कुटुंबांना विचारले, की नव्या तंत्राची माहिती तुम्हाला कुठून मिळते? शंभरातल्या साठ कुटुंबांना ती कुठूनच मिळत नव्हती. सगळ्या कुटुंबांतल्या सुमारे १७ टक्क्यांनी दुसऱ्या शेतकऱ्याचे नाव घेतले. १३ टक्क्यांनी बी-औषधाच्या दुकानदाराचे, तेवढ्यांनीच रेडिओचे. सरकारी विस्तार कार्यकर्ता ६ टक्क्यांच्या आत. आणि कृषी विज्ञान केंद्र? एक टक्कासुद्धा नाही.

दुकानदाराला शिव्या देण्यात अर्थ नाही. तो संध्याकाळी सातला दुकान उघडे ठेवून बसतो, उधारीवर देतो, नावाने हाक मारतो. पण त्याच्या मागे काय उभे आहे ते पाहा. कंपनीचा माणूस त्याच्याकडे येतो, कंपनीची बैठक होते, कुठल्या तालुक्यात कुठली बाटली खपली हे वरपर्यंत कळते. विकणाऱ्यांची साखळी घट्ट आहे. सांगणाऱ्यांची साखळी ढिली आहे. विद्यापीठाचा माणूस एका खात्यात, गावपातळीवरचा कृषी कर्मचारी दुसऱ्या खात्यात. १९८० च्या दशकात प्रशिक्षण आणि भेट योजना होती तेव्हा निदान पंधरवड्याचा ठरलेला दिवस असे. योजना गेली, दिवसही गेला.

गुलाबी बोंडअळीचा धडा

याची किंमत कापूसवाल्याने मोजली आहे. बीटी बियाणे २००२ साली आले. पाकिटाबरोबर बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी येत असे, ती कडेने लावायची होती. हेतू असा, की त्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग विष पचवलेल्या पतंगांशी मिळावेत आणि पुढची पिढी विषाला दाद देणारीच राहावी. किती गावांत हे कुणी उभे राहून समजावले? पुडी बांधावर पडली. शेतकरी अडाणी म्हणून नव्हे. जे कुणी समजावलेच नाही त्यासाठी जमिनीचा तुकडा कोण अडवील?

पुढे २०१४-१५ च्या सुमारास गुजरातच्या बीटी कपाशीत गुलाबी अळी दिसली. शास्त्रज्ञांना ते माहीत होते, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेला माहीत होते. फरदड घेऊ नका, डिसेंबरात रान मोकळे करा, हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर उपाय करा, डोमकळ्या वेचून नष्ट करा, हे सारे ठाऊक होते. तरी २०१७ साली विदर्भ, मराठवाडा, खानदेश होरपळले. ज्ञान होते, वेळही होता. रानापर्यंत ते हवे तसे पोचले नाही.

त्याच २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. शेकडो दवाखान्यात गेले. डोक्याच्या वर गेलेली दाट कपाशी, दोन-तीन औषधांची सरमिसळ, अंगावर साधा सदरा. औषधे मिसळू नयेत, वाऱ्याच्या उलट फवारू नये, हातमोजे आणि तोंडाला फडके हवे, हे कुठल्याही विस्तार शिक्षकाला पाठ असते. त्या माणसांना ते त्या दिवशी सांगणारे शेजारी कुणी नव्हते. सांगणाऱ्यांची साखळी तुटते म्हणजे काय होते, ते हे.

जोडलेले असले की काय होते

उलट बाजूही सांगतो. कोकणात डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भातशेती मांडली: भाताचे तूस आणि पेंढा जमिनीला परत, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये खोल खोचणे. गिरिपुष्प बांधावर लावायचे, त्याला विकत काही लागत नाही. हाच पाला अकोल्याच्या विद्यापीठाने कोरडवाहू कपाशीसाठीही तपासला आहे. पीक वेगळे, माती वेगळी, पण सूत्र एक: शेताची भूक बांधावरच्या झाडाने भागवायची. कोकणातले कापसाच्या माणसाला आणि कापसातले कोकणच्या माणसाला कळायचे, तर त्यांना सांगणारे एकमेकांना भेटले पाहिजेत.

दुसरे उदाहरण अकोल्याकडचे. कपाशीत डवऱ्याला दोरी गुंडाळून ओळींमध्ये सऱ्या काढल्या, की पडलेला पाऊस रानातच मुरतो. खर्च एका दोरीचा. यात विकायला काही नाही, म्हणून याची जाहिरात कुणी करणार नाही. अशा बिनखर्ची गोष्टी पोचवायला विस्ताराच्या माणसाशिवाय दुसरा कुणी नाही. तो माणूस टिकणे, ताजा राहणे आणि आपल्या बिरादरीशी जोडलेला राहणे यात आपला रोकडा फायदा आहे.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे

हे संघ आज शेतकऱ्यासाठी पुरेसे उघडे नाहीत. त्यांची नियतकालिके इंग्रजीत. निबंध छापला की बढतीला उपयोग होतो, म्हणून निबंध पुष्कळ. त्यात आपण असतो, पण कसे? उत्तरदाता म्हणून. शंभर-सव्वाशे उत्तरदाते, त्यांचे वय, शिक्षण, जमीन, आणि शिफारशीचा अवलंब किती टक्के. मजा अशी, की असल्या बहुतेक प्रबंधांत शेवटी अडचणींचे एक कोष्टक असते आणि त्यात शेतकऱ्यांनी काय सांगितलेले असते? खर्च परवडत नाही, मजूर मिळत नाही, कर्ज वेळेवर नाही, मालाला भाव नाही. चाळीस-पन्नास वर्षे आपण रस्त्यावर जे ओरडून सांगतो आहोत, ते त्यांच्या कपाटात पदवीच्या शिक्क्यासह पडून आहे! आपल्या बाजूचा एवढा पुरावा, आणि आपण कधी मागायला गेलो नाही.

'शेतकऱ्याने अवलंब का केला नाही' असे विचारणाऱ्याने 'शिफारस परवडणारी होती का' हेही विचारले पाहिजे. हा प्रश्न त्यांच्या परिसंवादात उभा करायचा असेल, तर तिथे आपला आवाज गेला पाहिजे.

आपण काय करायचे

चार कामे सांगतो. चारही बिनपैशाची आहेत.

एक. प्रत्येक तालुक्याने एक वही ठेवायची. शेतकऱ्याचा प्रश्न, तारीख, कुणाला विचारला, काय उत्तर आले, उत्तर रानात उतरले का. विस्ताराचा माणूस बदलून गेला तरी वही राहील. नवा येईल त्याच्या हातात पहिल्या आठवड्यात ती द्यायची. जाणाऱ्यालाही सांगायचे, की येणाऱ्याची आणि आमची गाठ घालून देऊन जा.

दोन. कृषी विज्ञान केंद्राची शास्त्रीय सल्लागार समिती असते. तिच्यावर शेतकरी आणि शेतकरी महिला यांचे प्रतिनिधी असतात. आपल्या जिल्ह्यातले ते कोण, हे पुढच्या बैठकीपर्यंत विचारून घ्या. त्यांना वहीतले प्रश्न द्या. बैठक झाली की काय ठरले ते विचारा.

तीन. विस्तार शिक्षक परिसंवादाला निघाला, की त्याच्याबरोबर आपला एक प्रश्न पाठवा. आल्यावर त्याने एक पान मराठीत लिहून द्यावे: तिथे काय कळले, आपल्या रानाला त्यातले काय लागू. तो जातो त्याचे कौतुक करा, फुकट फिरायला गेला म्हणून टोमणे मारू नका. जो माणूस इतरांना भेटत नाही, तो आपल्याला कालचेच सांगत राहील.

चार. निवृत्त झालेले विस्तार शिक्षक गावोगाव आहेत. तीस-पस्तीस वर्षांचे पाहणे त्यांच्या डोक्यात आहे आणि त्यांच्या संघातले जुने संबंध अजून शाबूत आहेत. आता त्यांच्यावर साहेबाचा दाब नाही. त्यांना जिल्हा बैठकीला बोलवा. हारतुऱ्यासाठी नको, प्रश्न विचारण्यासाठी बोलवा.

यातले कुठलेच काम सरकारची वाट पाहत नाही. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली पुरा केला, तेव्हापासून शेतकऱ्याला विद्या मिळाली पाहिजे हे बोलणे चालू आहे. विद्या आता विद्यापीठांत साठली आहे. ती खाली येण्याची वाट एकाच बाजूने बांधता येत नाही. त्यांनी आपापसात धरलेले हात एका बाजूला आपल्यापर्यंत आले पाहिजेत, आणि आपण ते धरले पाहिजेत.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने आपली वही आणायची आहे. कोरी असली तरी आणा. पण तिच्या पहिल्या पानावर तालुक्याच्या विस्तार शिक्षकाचे नाव आणि आपला पहिला प्रश्न लिहिलेला असला पाहिजे.