कोडचे सभासद

जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून आलेले अभियंते, विद्यार्थी मित्रमैत्रिणी, आणि माझे भाषण संपायची वाट न पाहता मागच्या रांगेत लॅपटॉप उघडून बसलेली मंडळी,

थोडक्यात आटपा, असे संयोजकांनी मला बजावले आहे. भाषणानंतर लगेच तुमची हॅकेथॉन सुरू होणार आणि विषय आहे मुक्तस्रोत ई-कॉमर्स.

2017 मध्ये स्मार्ट इंडिया हॅकेथॉन सुरू झाली, तेव्हापासून हॅकेथॉन म्हणजे स्पर्धा असे आपण धरूनच चालतो. रात्रभर जागरण, परीक्षक, फळ्याएवढा धनादेश, फोटो. जून 1999 मध्ये कॅनडातल्या कॅलगरी शहरात ओपनबीएसडी या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमचे दहा विकसक हॅकेथॉनसाठी जमले, तेव्हा यातले काहीच नव्हते. कूटलेखनाचा कोड अमेरिकेबाहेर पाठवायला तिथल्या कायद्याची आडकाठी होती. म्हणून कॅनडात बसून तो लिहायचा, एवढाच बेत. कुणाचा पहिला नंबर आला नाही. आज तुमच्या फोनवरून दुकानदाराला पैसे सुखरूप पोचतात ते कूटलेखनामुळेच, तेव्हा तुमच्या विषयाशी त्या बैठकीचा संबंध तसा जवळचा आहे.

बक्षिसांना माझी हरकत नाही. माझी तक्रार आहे ती पुढच्या सोमवारची. परीक्षक डेमो पाहून टाळ्या वाजवतात. सोमवारी तो रेपो कुणी उघडत नाही. बदल मूळ प्रकल्पात गेला का, त्याच्या चाचण्या लिहिल्या का, हे विचारायला कुणी थांबलेले नसते.

निदान या जिल्ह्यात तरी असे होऊ नये. इथेच विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीने लोणीला सहकारी साखर कारखाना उभारला. नोंदणी 1948 ची, पहिला हंगाम 1950-51 चा. यंत्रे काय, पैसा उभा केला की मिळतात. अवघड होती ती माणसांची रचना. ऊस पिकवणाराच मालक, शेअर कितीही असोत एका सभासदाला एकच मत, आणि हिशेब विचारायला वार्षिक सभा. मुक्तस्रोत प्रकल्पाला परवाना असतो, सहकारी संस्थेला उपविधी. पण उपविधी छापले म्हणून संस्था चालत नाही. सभासदाने सभेला जाणे सोडले की काय होते, ते या सभागृहाला मी सांगायला नको. (समोर एकदोन संचालकही दिसत आहेत. त्यांनी हे मनावर घेऊ नये. किंवा घ्यावे.)

सॉफ्टवेअरमध्येही हेच घडते. मॅजेंटो हे ऑनलाइन दुकानाचे सॉफ्टवेअर 2008 मध्ये मुक्त परवान्याने बाजारात आले, पुढे ईबेकडे गेले आणि 2018 मध्ये अ‍ॅडोबीने ते 168 कोटी डॉलरला विकत घेतले. जून 2020 मध्ये कंपनीने मॅजेंटोच्या पहिल्या पिढीच्या दुरुस्त्या थांबवल्या. तिच्यावर चालणाऱ्या दुकानांनी काय करायचे? ओपनमेज नावाने स्वयंसेवकांनी तोच कोड पुढे सांभाळला, सुरक्षेच्या दुरुस्त्या चालू ठेवल्या. परवान्याने त्यांना हक्क दिला होता हे खरेच, पण दुकाने वाचली ती रोज तक्रारी वाचणाऱ्या, दुसऱ्याचा पॅच तपासणाऱ्या माणसांमुळे. त्या कामाचा डेमो होत नाही.

आता आपल्या दारातले काम पाहू. ओएनडीसी, म्हणजे डिजिटल व्यापाराचे खुले जाळे चालवणारी संस्था, 31 डिसेंबर 2021 ला स्थापन झाली. बेकन हा खुला प्रोटोकॉल तिच्या मुळाशी आहे, त्यामुळे ग्राहकाचे अ‍ॅप एकाचे आणि विक्रेत्याचे दुसऱ्याचे असले तरी व्यवहार होतो. एप्रिल 2022 मध्ये चाचणीसाठी निवडलेल्या पाच शहरांत महाराष्ट्रातले एकही नव्हते, ते असो. खरी अडचण मालाची आहे. संगमनेरचा टोमॅटो कॅरेटने जातो. घोडेगावचा कांदा क्विंटलने, त्यात गोल्टी वेगळी, जोड वेगळा. भाव लिलावात ठरतो आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते, तीत हमाली, तोलाई कापलेली असते. आपली तयार सॉफ्टवेअरे मात्र शर्ट विकायला बनलेली: एक वस्तू, एक ठरलेली किंमत, लहान-मध्यम-मोठा आकार. सात दिवसांत माल परत, हा नियम टोमॅटोला लावून पाहा!

आणि शोधाची खिडकी. अकोले तालुक्यातला बचत गट हातसडीचा काळभात विकायला ठेवतो. गिऱ्हाईक ‘तांदळाचे पीठ’ शोधते, ‘तांदूळ’ शोधते, रोमन लिपीतही टाइप करते. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचे अंगच बदलते. कांदा कांद्याला होतो, तांदूळ तांदळाचा. इंग्रजीसाठी घडवलेल्या शोधयंत्राला हे दोन वेगळे शब्द वाटतात. ही दुरुस्ती चार ओळींची नाही, आणि आपण केली नाही तर कॅलिफोर्नियातला कुणी येऊन करणार नाही.

सुरुवात कुठून करावी, असे मला काल काही विद्यार्थ्यांनी विचारले. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीच्या ईआरपीनेक्स्ट या मुक्तस्रोत व्यवसाय-सॉफ्टवेअरमधला ऑनलाइन दुकानाचा भाग आवृत्ती 15 पासून वेगळा काढून त्याचे ‘वेबशॉप’ हे स्वतंत्र अ‍ॅप केले आहे. नवशिक्याला असा सुटा तुकडा सोयीचा. पट्टीसारखी हिशेबाची चिठ्ठी त्याला जोडून पाहा. आधी मात्र तिथल्या जुन्या तक्रारी वाचा. निम्मे प्रश्न कुणीतरी तुमच्या आधीच विचारलेले असतात.

अध्यक्ष म्हणून एक आगाऊपणा करतो. समारोपाला सादरीकरणे नकोत. प्रत्येक गटाने मूळ प्रकल्पाला पाठवलेली पुल रिक्वेस्ट पडद्यावर दाखवावी. मेंटेनरने नाकारली असेल तर नाकारण्याचे कारण मोठ्याने वाचावे. त्यातून सभागृहाला जास्त शिकायला मिळेल. पुढचे सहा महिने तिच्याखालच्या प्रश्नांना उत्तरे कोण देणार, त्याचे नावही तिथेच सांगावे. तोवर बक्षिसाची निम्मी रक्कम राखून ठेवा, असे मी मघाशी चहाच्या वेळी संयोजकांना सुचवले आहे. ते अजून माझ्याकडे पाहत नाहीत.