ज्यांना घराचं सगळं ठाऊक असतं

रहस्यकथेच्या व्यासपीठावर अध्यक्षाने एक तक्रार करायची असते: आमच्या लेखनाला साहित्याच्या पंक्तीत मानाचं पान मिळत नाही. ती तक्रार मी आज उलट्या बाजूने करणार आहे. आपल्या रहस्यकथेनेही घरातल्या एका माणसाला पान वाढलेलं नाही. चादरी बदलणारी, केराची टोपली रिकामी करणारी, औषधांच्या पाकिटांवरून घरातलं आजारपण घरच्यांआधी ओळखणारी बाई आपल्या कथेत दार उघडते, चहा आणते, प्रेत पाहून किंचाळते आणि इन्स्पेक्टर आले की पहिली संशयित ठरते. मानसशास्त्रीय थरारकथेत कुटुंबाची गुपितं आणि वर्गभेद असे दोन विषय असतात, असं समजलं जातं. माझ्या मते तो एकच विषय आहे. जिच्यासमोर आवाज खाली आणायची गरज कुणाला वाटत नाही, अशी एक व्यक्ती घरात असते. तिला सगळं ठाऊक असतं, पण तिचं ठाऊक असणं जमेस धरलं जात नाही. घराण्याची अब्रू टिकते ती या हिशेबावर, आणि थरार सुरू होतो तो हा हिशेब चुकला की.

रूथ रेंडेल यांची ‘अ जजमेंट इन स्टोन’ ही 1977 सालची इंग्रजी कादंबरी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. खून कुणी केला, कुणाचे केले आणि का केले, हे लेखिका पहिल्याच वाक्यात सांगून टाकते. युनिस पार्चमन या घरकामाच्या बाईला लिहिता-वाचता येत नाही, आणि कव्हरडेल कुटुंबातले चौघे त्यापायी मरतात. रहस्यकथेचा हुकमी एक्का असा आधीच टाकून दिल्यावर उरतं काय? उरतात एका घरातली दोन गुपितं. वाचता न येणं हे युनिसचं, आणि दिवस गेल्याची शंका हे घरमालकाची मुलगी मेलिंडा हिचं. दुसरं गुपित युनिस फोनवरचं बोलणं चोरून ऐकून मिळवते. पहिलं उघडं पडतं ते मात्र मेलिंडाच्या चांगुलपणामुळे. मासिकातली प्रश्नावली सोडवायला ती युनिसला सोबत घेते, युनिस चष्म्याची सबब सांगते, मेलिंडा तो चष्मा उचलून पाहते तर काचा साध्या. मग ती मनापासून म्हणते, मी शिकवते तुम्हाला. या प्रसंगात कुणीच दुष्ट नाही. पण मालकाच्या मुलीने दुसऱ्याचं गुपित उघडं केलं की तो जिव्हाळा ठरतो, आणि कामवालीने तेच केलं की ब्लॅकमेल. युनिस तिचं गुपित फोडायची धमकी देते, तेव्हा मेलिंडा वडिलांना सगळं सांगून मोकळी होते, युनिसची नोकरी जाते. एकीच्या गुपिताला घरात माफी आहे, दुसरीच्या गुपिताला घरच नाही. क्लोद शाब्रोल यांनी 1995 मध्ये या कादंबरीवर ‘ला सेरेमोनी’ हा फ्रेंच चित्रपट केला. त्यांनी लेखिकेची टीकाटिप्पणी गाळून टाकली आणि युनिसच्या जागी आलेल्या सोफीचा चेहरा नुसता पाहू दिला. माझ्या मते चित्रपट कादंबरीपेक्षा सरस आहे, तो याच कारणाने.

‘पॅरासाइट’ हा 2019 चा कोरियन चित्रपट आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिला असेल. त्यात आपल्या बंगल्याखाली गुप्त तळघर आहे हे मालकांनाच ठाऊक नाही. ते ठाऊक आहे जुन्या घरकामवालीला, आणि तिने तिथे आपला नवरा लपवला आहे. पण खरा आघात दिवाणखान्यात होतो. मालक-मालकीण सोफ्यावर पहुडले आहेत, खाली टेबलाआड त्यांचा ड्रायव्हर आपल्या मुलांसह अंग चोरून पडला आहे, आणि मालक त्याच्या अंगाच्या वासाबद्दल बोलतो आहे. शिवी नाही, अपमान करण्याचा हेतू नाही. नवरा-बायकोच्या सहज गप्पा आहेत. शेवटी सुरा उचलला जातो तो याच वासावरून.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नोकराला खुनी दाखवून तुम्ही मालकवर्गाची भीतीच पोसता, असा तो आक्षेप. चोरी झाली की पहिलं बोट कामवालीकडे वळतं, अशा समाजात या कथा आगीत तेल ओततील. रेंडेल यांच्यापुरता हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. युनिसला त्या कधी कधी दगडासारखी रंगवतात आणि त्यात सुशिक्षित माणसाची तुच्छता डोकावते. पण मग कामवालीला गरीब बिचारी आणि इमानदार रंगवणं हा उपाय आहे का? मुळीच नाही. तेही तिला मन नाकारणंच आहे. कथेचं उत्तर म्हणून शेवटच्या पानावर तिला पकडून देणं वेगळं, आणि पहिल्या पानापासून तिच्या मनात शिरणं वेगळं. पहिल्या प्रकाराने भीती पोसली जाते. दुसऱ्यात मालकाला स्वतःचं घर परक्या नजरेने पाहावं लागतं.

दुसरा आक्षेप असा की हे सगळं परदेशी. आपल्याकडे प्रश्न नुसत्या वर्गाचा नाही, जातीचा आहे. अगदी खरं. वेगळा कप, वेगळी लिफ्ट यांचा उलगडा पगाराच्या आकड्याने होत नाही. म्हणूनच युनिसला उचलून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसवलं तर ती कथा लंगडी पडेल. पण घराकडे असं खालून पाहण्याची परंपरा आपल्याकडे नाही असं नाही. तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’ या नाटकात बापाचा अनौरस मुलगा रजनीनाथ गॅरेजमध्ये राहतो. घराचं गुपित घराबाहेर, पण आवारातच ठेवलेलं! आत संपत्तीसाठी एकमेकांचे लचके तोडणारी माणसं, आणि ते सगळं पाहणारा, रक्ताचा असून पायरीने खालचा असा हा साक्षीदार. हे नाटक 1970 साली रंगभूमीवर आलं. वाद झाला तो त्यातल्या हिंसेवरून आणि भाषेवरून. गॅरेजमधल्या माणसाकडे त्या मानाने कमी लक्ष गेलं. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या झुंजारने आणि काळापहाडने मराठी माणसाला वाचनाची चटक लावली, ते ऋण मोठं आहे. पण गॅरेजमधून घराकडे पाहण्याची जागा नाटकाने दाखवून दिली होती, आणि रहस्यकथेने ती रिकामीच ठेवली.

तेव्हा इथे बसलेल्या लेखकांना आणि विशेषतः संपादकांना माझी विनंती आहे. पुढची कथा लिहिताना किंवा निवडताना प्रेतापासून सुरुवात करू नका. त्या घरात सकाळी सर्वांत आधी कोण येतं, तिला कोणत्या खोलीत जायची मुभा नाही आणि तरी त्या खोलीतलं काय तिला ठाऊक आहे, हे आधी ठरवा. आणि तिच्या घरातली माणसं लेखकाला अनोळखी असतील, तर तिच्या वस्तीत वाढलेल्या लेखकांकडे कथा मागा. ते लिहिताहेत; आपण त्यांच्याकडे रहस्यकथा मागितलेली नाही.